आधी रिकामी दांडी

गेल्या वर्षी फेस्ताच्या दिवशी संध्याकाळी चर्चच्या पटांगणात खेळांच्या शर्यती चालल्या होत्या. मुलांची लिंबू-चमच्याची शर्यत झाली, पोत्यांची शर्यत झाली, बायकांची संगीतखुर्ची झाली, आणि शेवटी तरुणांसाठी वजन उचलण्याची शर्यत ठेवलेली होती. आमच्या या खानापूर तालुक्याच्या भागात अशा चढाओढीचे कोणाला नवल नाही. जत्रेत वजनदार गोल दगड खांद्यावर घेणाऱ्याचे नाव वर्षभर पारावर निघते, ही गोष्ट येथील म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून आम्ही अनेकदा ऐकली आहे.

आमच्या धर्मग्रामातील एका शेतकऱ्याच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने त्या दिवसासाठी स्वतः एक साधन तयार केले होते. पाण्याच्या जुन्या लोखंडी नळाच्या दोन्ही टोकांस पत्र्याचे डबे बसवून त्यांत त्याने सिमेंट भरले होते. धान्याच्या दुकानातील काट्यावर त्याचे वजन ६२ किलो भरले. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगर या तरुणाने ५५ किलो वजनाच्या गटात रौप्यपदक मिळविले, तेव्हापासून या मुलाच्या डोक्यात भारोत्तोलनाने घर केले होते. पानाची टपरी आणि चहाचा गाडा चालविणाऱ्या बापाचा मुलगा तिथवर जातो, तर आपण का जाऊ नये, असे त्याला वाटे. त्यात चुकीचे काय होते?

त्याने ते वजन गुडघ्यापर्यंत आणले, मग छातीशी घेतले, आणि अंग मागे वाकवून कसेबसे डोक्यावर नेले. पटांगणात एकच गलका झाला. कोणीतरी म्हणाले, आणखी वाढवा. दोन दगड दोरीने डब्यांना बांधले गेले. मुलाने क्षणभर आमच्याकडे पाहिले. आम्ही खुर्चीवर बसलो होतो. आम्ही हात उंचावून त्याला उत्तेजन दिले, आणि टाळ्या वाजविणाऱ्यांत आमच्या टाळ्या पहिल्या होत्या.

या वेळी वजन छातीपर्यंत आले आणि तेथेच अडले. त्याचे गुडघे थरथरू लागले, पाठ कमानीसारखी वाकली, तरी तो ते सोडीना. शेवटी एक बाजू कलली आणि वजन घेऊन तो गुडघ्यावर आला. त्याला उठता येईना. चौघांनी त्याला उचलून घरी नेले. डॉक्टरांनी तपासून सांगितले की हाड शाबूत आहे, कमरेचे स्नायू दुखावले आहेत. तीन आठवडे विश्रांती, आणि पुढे जपून. ते दिवस भातकापणीचे होते.

त्या तीन आठवड्यांत आम्ही त्याच्या घरी चार वेळा गेलो. चौथ्या वेळी त्याचे वडील आम्हांस ओटीवर घेऊन गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “फादर, या पोराच्या पाठीवर आमचं घर हाय. तुम्ही सांगितलं तर तो ऐकेल. हा नाद सोड म्हणून सांगा त्याला.” आत गेलो तर मुलगा भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, “फादर, बाबा काय म्हणाले ते मला माहीत आहे. पण मला हे नीट शिकायचं आहे. कुणाला विचारू तेवढं सांगा.”

दोघेही आमच्या तोंडाकडे पाहत होते. वाचकहो, सेमिनरीत आम्ही लॅटिन शिकलो, तत्त्वज्ञान शिकलो. परंतु लोखंडाची दांडी कशी धरावी हे आम्हांस कोणी शिकविले नव्हते. ज्या विषयात आम्ही अडाणी, त्याच विषयात भर पटांगणात आम्ही टाळ्यांनी निकाल देऊन बसलो होतो. आता “सोड” म्हणणे सोपे होते आणि “कर” म्हणणेही सोपे होते. दोन्ही आम्ही केले नाही. ज्याला कळते त्याला विचारू, एवढेच आम्ही बापलेकांना म्हणालो.

चौकशी करता कळले की बेळगावात एक वृद्ध प्रशिक्षक आहेत. तरुणपणी त्यांनी स्वतः राष्ट्रीय स्पर्धांत भाग घेतला, पुढे नोकरी सांभाळून तीस वर्षे मुलांना शिकविले, आणि आता निवृत्तीनंतरही सकाळ-संध्याकाळ एका साध्या पत्र्याच्या शेडमध्ये ते उभे असतात. आम्ही निरोप पाठविला. त्यांचे उत्तर आले: मुलाला घेऊन या, त्याच्या वडिलांनाही आणा. वडिलांशिवाय येऊ नका.

एका शनिवारी सकाळी आम्ही बसने निघालो. बरोबर मुलगा, त्याचे वडील, आणि हट्ट धरून आलेली त्याची तेरा वर्षांची धाकटी बहीण. शेडमध्ये जमिनीवर जाड फळ्यांचा एक चौक बसविलेला होता. स्पर्धेतला असा चौक चार मीटर लांब आणि चार मीटर रुंद असतो, आणि वजन उचलणाऱ्याने त्याच्या आतच राहावयाचे असते. भिंतीशी रबराच्या गोल चकत्या उभ्या होत्या. लाल चकती २५ किलोची, निळी २०, पिवळी १५, हिरवी १०. दहा कोसांवरूनही रंग पाहून माणसाने वजन सांगावे, असे सर हसत म्हणाले. सगळे त्यांना सर म्हणत होते, म्हणून आम्हीही तेच म्हटले.

आम्हांस वाटले होते की ते आधी मुलाची ताकद पाहतील. त्यांनी वजनाकडे बोटसुद्धा दाखविले नाही. एक वेळूची काठी मुलाच्या हाती दिली आणि सांगितले, ती दोन्ही हातांनी रुंद धरून डोक्यावर ने, हात ताठ ठेव, आणि आता तसाच खाली बैस. टाचा जमिनीवर राहिल्या पाहिजेत.

मुलगा बसू लागला आणि अर्ध्यावरच त्याच्या टाचा उचलल्या, काठी पुढे झुकली. पुन्हा केले, पुन्हा तेच. तालमीत दोनशे बैठका मारणारा हा गडी लाजून लाल झाला. सर त्याला म्हणाले, “तालमीतल्या बैठकीत आपण चवड्यावर येतो. ती बैठक कुस्तीसाठी चांगली. इथं टाच उचलली की वजन पुढे ओढतं आणि पाठ वाकते. तुझी ताकद कमी नाही. तुझे घोटे आणि खांदे अजून मोकळे नाहीत. ज्याला काठी घेऊन खाली बसता येत नाही, त्यानं साठ किलो घेऊन काय बसावं?”

मग त्यांनी त्याला फेस्ताच्या दिवशीची हकीकत विचारली. मुलाने सगळी सांगितली. सरांनी एकच प्रश्न केला, “वजन छातीवर अडलं तेव्हा टाकून का दिलं नाहीस?”

मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग खाली पाहत म्हणाला, “फादर बघत होते.”

शेडमध्ये कोणी काही बोलले नाही. सर आमच्याकडे वळलेही नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. परंतु त्या दोन शब्दांनी जे आम्हांस सांगितले ते येथे लिहून ठेवणे आमचे कर्तव्य आहे. त्या दिवशी त्या मुलाच्या पाठीवर दोन डबे आणि दोन दगड एवढेच वजन नव्हते. आमच्या टाळ्यांचे वजनही त्यात होते.

यानंतर सरांनी आम्हां सर्वांना बाकावर बसवून हा खेळ समजावून दिला. तो आमच्या वाचकांनाही समजावा म्हणून आम्ही त्याचा सारांश देतो.

ऑलिंपिकच्या भारोत्तोलनात आज दोनच प्रकार आहेत. पहिला स्नॅच. यात जमिनीवरची दांडी एकाच दमात, कोठेही न थांबविता, ताठ हातांनी डोक्यावर न्यावयाची. दुसरा क्लीन अँड जर्क. यात दांडी आधी खांद्यांवर घ्यावयाची, उभे राहावयाचे, आणि मग दुसऱ्या हालचालीत डोक्यावर न्यावयाची. पूर्वी प्रेस नावाचा तिसरा प्रकार होता. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर तो काढून टाकण्यात आला. प्रत्येक खेळाडूस प्रत्येक प्रकारात तीन संधी मिळतात, आणि दोन्ही प्रकारांतील सर्वांत मोठ्या वजनांची बेरीज म्हणजे त्याचा निकाल. पंच तीन असतात. प्रत्येकाच्या हाती पांढरा व लाल दिवा. दोन पांढरे लागले तर प्रयत्न मान्य. पुरुषांची दांडी २० किलोची आणि २ मीटर २० सेंटिमीटर लांब असते. स्त्रियांची १५ किलोची, थोडी आखूड व थोडी बारीक.

“लोकांना वाटतं,” सर म्हणाले, “की हा हाताच्या जोराचा खेळ आहे. हात इथं दोरीसारखे. जोर पायांचा आणि कमरेखालचा. पाय जमीन ढकलतात, अंग सरळ होतं, आणि दांडी वर उडते. ती फार उंच जात नाही, पोटाच्या किंवा छातीच्या उंचीइतकीच. त्या क्षणी ती हलकी होते. तेवढ्या वेळात आपण तिच्याखाली जायचं. वजन वर नेणं अर्धं काम. स्वतः खाली जाणं हे उरलेलं अर्धं. हे अर्धं काम रिकाम्या दांडीवरच शिकता येतं. वजन चढलं की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस खाली जात नाही.”

त्यांनी एका शिकलेल्या मुलीला स्नॅच करून दाखवावयास सांगितले. ती बारीक अंगाची मुलगी होती. तिने दांडीवर हात ठेवले. अंगठा आधी दांडीस लावला आणि मग त्यावर बोटे घट्ट बसविली. त्याने पकड निसटत नाही, मात्र पहिले काही आठवडे अंगठा फार दुखतो. श्वास पोटात भरून तिने पोट घट्ट केले. मग दांडी नडगीशी, गुडघ्याशी, मांडीशी जवळून गेली, आणि पाहता पाहता ती मुलगी पूर्ण खाली बसलेली व दांडी तिच्या डोक्यावर ताठ. मग ती शांतपणे उभी राहिली. आम्ही टाळ्या वाजविण्यासाठी हात उचलले आणि पुन्हा मांडीवर ठेवले.

वडिलांनी विचारले, “दांडी एवढी अंगाला चिकटून कशाला न्यायची?” सर म्हणाले, “काका, घरात बाईमाणूस भरलेली घागर कुठं धरते? कमरेवर. हात लांब करून कोणी धरते काय? वजन अंगापासून जितकं दूर, तितका कमरेवर ताण. तुमच्या मुलाच्या डब्यांचा घेर मोठा, नळ जाड आणि न फिरणारा. खऱ्या दांडीची टोकं फिरतात, म्हणून मनगट पिळवटत नाही. त्याचं साधन त्याला वजन अंगाजवळ आणूच देत नव्हतं. चूक त्याची थोडी, त्या डब्यांची जास्त.” हे ऐकून त्या बापाच्या चेहऱ्यावर जो मोकळेपणा आला तो आम्ही पाहिला.

पुढे शिकण्याचा क्रम त्यांनी सांगितला. पहिला महिना वेळूची काठी. रोज घोटे आणि खांदे मोकळे करणे, टाचा टेकवून बैठक. मग रिकामी दांडी. तीही जमिनीवरून नव्हे, तर आधी मांडीवरून, मग गुडघ्यावरून, आणि सर्वांत शेवटी जमिनीवरून. आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक; मधल्या दिवशी शेतातले काम आणि झोप. एका वेळी दोन-तीनच उचली, कारण थकलेले अंग चुकीची हालचाल शिकते. प्रत्येक वेळी सारखे जमले तरच एक-दोन किलो वाढवावयाचे. पायांत कडक टाचेचे बूट. धावण्याचे मऊ बूट या कामाला निरुपयोगी. आणि एकट्याने कधी नाही.

“आणि या सगळ्याच्या आधी एक गोष्ट,” असे म्हणून त्यांनी मुलाला फळ्यांवर उभे केले. “टाकायला शीक. पुढं गेलं तर पुढं टाक आणि मागं सर. मागं गेलं तर मागं टाक आणि पुढं हो. रबराच्या चकत्या त्यासाठीच आहेत. ज्याला वजन टाकता येत नाही, त्यानं उचलू नये.” त्या दिवशी त्या मुलाने रिकामी, हलकी दांडी दहा वेळा टाकली. दुसरे काही केले नाही.

आता वडिलांचे प्रश्न. आमच्या वाचकांपैकी अनेक आईबापांच्या मनातही तेच असतील. त्यांनी विचारले, याने उंची खुंटते म्हणतात ते खरे काय? सरांनी सांगितले, आणि आम्ही पुढे एका डॉक्टर स्नेह्यालाही विचारून खात्री केली, की जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, वयाला झेपेल असे वजन घेऊन केलेल्या व्यायामाने वाढ खुंटते असा पुरावा नाही. बालरोगतज्ज्ञही अशा व्यायामास हरकत घेत नाहीत. इजा होते ती बहुधा देखरेखीवाचून, चुकीच्या पद्धतीने आणि ईर्ष्येने. मात्र इजा कधीच होत नाही असेही त्यांनी म्हटले नाही. उलट त्यांनी संकेत सरगरचीच गोष्ट सांगितली. स्नॅचमध्ये ११३ किलो आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ किलो, एकूण २४८. त्यानंतरच्या प्रयत्नात त्याचे कोपर दुखावले, आणि मलेशियाच्या खेळाडूने २४९ किलो करून सुवर्ण नेले. एका किलोचा फरक! एवढा शिकलेला तरुण, तरी अंग दुखावले. “मग न शिकलेल्याचं काय होईल ते तुम्हीच बघा,” असे सर म्हणाले.

खाण्याविषयी विचारले तेव्हा ते म्हणाले, “दूध, अंडी, मासे, डाळ, उसळ, भाकरी. घरात जे आहे ते पोटभर, वेळेवर. डब्यातली पावडर आणि कुणी सांगितलेली सुई यांपासून लांब राहा. डब्यावरचं नाव वाचता येतं, आत काय आहे ते वाचता येत नाही.” २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये भारताच्या दोन महिला भारोत्तोलकांच्या तपासणीत बंदी असलेली द्रव्ये आढळली होती, त्या वेळी सगळ्या देशाची मान खाली गेली, हे त्यांनी खिन्नपणे सांगितले. गावातल्या मुलालाही असा मोह घालणारा कोणी ना कोणी भेटतोच. आईबापांनी या बाबतीत डोळे उघडे ठेवावेत.

एवढ्यात धाकटी बहीण धीर करून म्हणाली, “सर, मुलींना चालतं काय?” सर मनापासून हसले. “बाळ, भारोत्तोलनात या देशाला ऑलिंपिकची पदकं मुलींनीच दिली.” २००० साली सिडनीत स्त्रियांसाठी हा खेळ प्रथमच ऑलिंपिकमध्ये आला, आणि त्याच वर्षी आंध्रातील श्रीकाकुलम जिल्ह्याच्या कर्णम मल्लेश्वरीने ११० आणि १३० असे एकूण २४० किलो उचलून कांस्यपदक मिळविले. ऑलिंपिकचे पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्यानंतर २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये मणिपूरच्या मीराबाई चानूचे रौप्य.

या मीराबाईची गोष्ट सरांनी जरा सविस्तर सांगितली, आणि आमच्या मते त्या सकाळचे सार तिच्यातच होते. नोंगपोक काकचिंग नावाच्या खेड्यातली ही मुलगी. लहानपणी ती डोंगरातून सरपणाच्या मोळ्या आणी. सराव करावयास इंफाळला जाण्यासाठी वाळूच्या ट्रकांतून तिने प्रवास केला. पदक मिळाल्यानंतर त्या ट्रकवाल्यांना शोधून बोलावून तिने त्यांना जेवू घातले आणि त्यांचा सत्कार केला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिचे सहांपैकी एकच उचलणे मान्य झाले. क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न फसले, म्हणून तिच्या नावापुढे एकूण वजनच लागले नाही. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, अमेरिकेतील ॲनहाइम येथे १९४ किलो उचलून ती जगज्जेती झाली.

आणि त्यानंतर? त्यानंतर तिची पाठ दुखावली, खांदा त्रास देऊ लागला. स्नॅचमध्ये तिचे वजन पुढे सरकेना. येथे तिच्यापुढे दोन वाटा होत्या. मी जगज्जेती, मला कोण शिकविणार, असे तिला म्हणता आले असते. परंतु २०२० साली ती अमेरिकेत डॉ. एरन हॉर्शिग यांच्याकडे गेली. हे गृहस्थ स्वतः भारोत्तोलन केलेले, पुढे शरीरोपचाराचे शिक्षण घेतलेले आणि ताकदीच्या व्यायामाचे जाणकार प्रशिक्षक. तिच्या शरीराच्या दोन बाजूंत समतोल नाही हे तेथे ध्यानात आले, आणि तो समतोल परत आणण्यासाठी तिने अगदी साध्या व्यायामांपासून सुरुवात केली. तिचे प्रशिक्षक विजय शर्मा होते तेच राहिले. दुसऱ्या जाणत्याला विचारल्याने पहिल्या गुरूचा मान कमी झाला नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये ताश्कंदला क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलो उचलून तिने जागतिक विक्रम केला. २४ जुलै २०२१ रोजी टोकियोत ८७ आणि ११५ असे २०२ किलो, आणि रौप्यपदक.

“२०२४ मध्ये पॅरिसला ती चौथी आली,” सर म्हणाले, “१९९ किलो, कांस्याला एक किलो कमी. विचारलं म्हणून पदक मिळतंच असं नाही. पण विचारलं म्हणून ती उभी आहे.”

परतीच्या बसमध्ये वडील खिडकीशी बसले होते. कितीतरी वेळाने ते म्हणाले, “फादर, माझ्या बापानं मला नांगर धरायला शिकवला तेव्हा पहिले चार दिवस नुसतं बैलांमागून चालायला लावलं होतं.” आम्ही काही बोललो नाही. मुलाला हे त्यांनी दिलेले उत्तर होते, आणि मुलाने ते ऐकले होते.

पुढचे महिने सोपे गेले असे आम्ही म्हणणार नाही. बसचे भाडे, शेतातली कामे, पावसाळ्यात बंद पडणारा रस्ता. त्यातून गावातल्या पोरांची चेष्टा. एकोणीस वर्षांचा दणकट गडी ओट्यावर वेळूची काठी डोक्यावर धरून उठतो-बसतो, हे पाहून कोण हसणार नाही? “काठी फार जड आहे काय रे?” असे त्याला रस्त्यात विचारीत. दोनदा त्याने सोडून देण्याचे मनात आणले, आणि दोन्ही वेळा तो आमच्याकडे आला. आम्ही त्याला उपदेश केला नाही. सरांना दूरध्वनी लावून त्याच्या हाती दिला. ज्याचे काम त्याने करावे, हे आम्ही उशिरा का होईना शिकलो होतो. सिमेंटचे डबे वडिलांनी नळापासून वेगळे केले. त्यांत आता त्या घरच्या अंगणात मोगरा लावलेला आहे.

यंदाच्या फेस्ताला सर स्वतः आले. एका टेंपोत दांडी, रबराच्या चकत्या आणि फळ्या घेऊन आले. पटांगणात फळ्या अंथरल्या गेल्या. मुलाने आधी रिकाम्या दांडीने चार वेळा स्नॅच करून दाखविला. मग ३५ किलो, मग ४०, मग ४५. प्रत्येक वेळी दांडी अंगाजवळून वर गेली, तो तिच्याखाली बसला, आणि टाचा जमिनीवर राहिल्या. लोकांत कुजबुज झाली, “गेल्या वर्षी याने यापेक्षा किती जास्त उचललं होतं!” खरे होते. गेल्या वर्षी ६२ किलो आणि वर दोन दगड होते. त्यानंतर तीन आठवड्यांचे अंथरूणही होते, हे मात्र कुजबुजणारे विसरले.

मग त्याने ५० किलो लावण्यास सांगितले. दांडी वर गेली, तो खाली बसला. पण ती थोडी पुढे राहिली. गेल्या वर्षीचा मुलगा असता तर त्याने ती धरून ठेवण्यासाठी कंबर मोडून घेतली असती. या वर्षीच्या मुलाने हात मोकळे केले, दांडी पुढे सोडली, आणि स्वतः दोन पावले मागे सरला. रबराच्या चकत्या फळ्यांवर धप्प करून आपटल्या आणि उसळून स्थिरावल्या. पटांगण गप्प झाले. आता काय करावे हे लोकांना कळेना.

त्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही खुर्चीवरून उठून उभे राहिलो, आणि त्या टाकलेल्या वजनासाठी टाळ्या वाजविल्या.

आमच्या तरुण वाचकांना आमचे एवढेच सांगणे आहे की, लोखंड उचलण्याची हौस असेल तर अवश्य उचला. मुलांनी उचला, मुलींनीही उचला. परंतु आधी जाणत्याच्या दारी जा, आणि तो हाती काठी देईल तर काठी घ्या. आईबापांना सांगणे की, मुलाला नाही म्हणण्यापूर्वी त्याच्याबरोबर एकदा त्या दारापर्यंत चालत जा. आणि आमच्यासारखे जे खुर्चीवर बसून पाहतात, त्यांनी टाळी वाजविण्यापूर्वी वजन उचलणाऱ्याच्या टाचांकडे एकदा पाहावे.

मुलगा आता सोमवार, बुधवार आणि शनिवारी बेळगावला जातो. गेल्या शनिवारपासून त्याच्याबरोबर त्याची बहीणही जाऊ लागली आहे. तिच्या हाती सध्या वेळूची काठी आहे.